बाईच्या हातचा ब्रेक

उद्यमनगरातल्या आमच्या बोळात बाई दिसली की गडीमाणसं बोलायची थांबत, आणि बाई गेली की दुप्पट बोलत. नजीरा मात्र जाण्यासाठी आलीच नव्हती. चौऱ्याहत्तर साली अल्लाउद्दीनभाईंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, आणि त्यांची थोरली लेक दुकानाच्या पुढच्या पाटावर येऊन बसली.

अल्लाउद्दीनभाई ब्रेकचे पट्टे बसवायचे. गाडीच्या चाकात ड्रम असतो, ड्रमात दोन लोखंडी शू, आणि शूवर घासून चाक थांबवणारा पट्टा. त्याला आम्ही लायनर म्हणतो. झिजलेला लायनर छिन्नीनं काढायचा, नवा ठेवून तांब्याच्या रिबिटा ठोकायच्या. ठोकायला कुणीही ठोकील. पण मधल्या रिबिटीपासून कडेकडे जावं लागतं, नाहीतर पट्टा मध्ये पोकळ राहतो. नजीरा हे काम कित्येक वर्षं मागच्या खोलीत पडद्याआड करत होती. निम्म्या कोल्हापूरच्या गाड्या तिच्या रिबिटांवर थांबत होत्या. नाव बापाचं होतं तोवर कुणाला काही खुपलं नाही. पडदा सरला आणि सगळे एकदम ब्रेकमधले जाणकार झाले.

"बाईच्या हातचा ब्रेक, पाय ठेवला की लाजतोय," असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला ठाऊक आहे. तो आता मेला, म्हणून नाव घेत नाही. गिऱ्हाइकं पलीकडं गणपतरावाच्या दुकानात जाऊ लागली. नजीराचा चुलता मीरासाब इचलकरंजीला यंत्रमागाच्या कारखान्यात होता. तो येऊन बजावून गेला, की दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक परत आलं नाही तर दुकान मी चालवायला देणार आणि तुला आमच्याकडं सुताच्या कांड्या भरायला नेणार. मी समोरच बसून गाड्यांची सीटकव्हरं शिवायचो, त्यामुळं शब्दन् शब्द ऐकला. नजीरानं हातातली रिबीट पुरी ठोकली आणि माझ्याकडं बोट करत ती म्हणाली, "चाचा, दिवाळीला जरूर या. ह्या जोतीरामदादांच्या घरचा फराळ खाऊन जावा, पर दुकानाचं बोलू नका."

बोलली खरी, पण दुकानात माशा मारायची पाळी आली होती. तशात वडणग्याचा हंबीरराव आला. ऊस, तालीम आणि मोटार ही त्याची तीन दैवतं. त्याच्याकडं एक जुनी फियाट होती. तिला त्यानं दोन कार्बोरेटर लावले होते, बूड खाली घेतलं होतं, आणि ती बोळात शिरली की माझ्या मशीनवरची कात्री थरथरायची. वजन कमी करायला मागची सीट काढायची त्याची फार इच्छा. पण त्याची आई धोंडुबाई त्या सीटवर बसून जोतिबाला जायची, म्हणून सीट राहिली. पैलवानाचं घरात काय चालतं ते यावरून समजावं.

त्या वर्षी काही हौशी लोकांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या रस्त्यावर मोटारींची शर्यत ठरवली होती. वाघबिळापासून वर नाक्यापर्यंत जायचं, वळायचं आणि परत खाली. चढायला इंजिन लागतं, उतरायला ब्रेक. मऊ लायनर पाय ठेवताच धरतो, पण घाटात तापला की हात टेकतो. कडक लायनर थंड असताना आढेवेढे घेतो, पण तापल्यावर सोडत नाही. हंबीररावाला कडक हवा होता. त्याच्या मापाचा कडक पट्टा साऱ्या बोळात एकट्या अल्लाउद्दीनभाईंच्या फळीवर होता. म्हणून हा नाक मुरडत का होईना तिच्यापुढं उभा राहिला.

नजीरानं चारी चाकांना कडक पट्टा चढवला आणि सांगितलं, "वर चढताना अधनंमधनं पाय ठेवत जावा. गार पट्टा धरत न्हाय."

"मला बिरेक शिकवतीस व्हय?" हंबीरराव म्हणाला आणि धूळ उडवत गेला. गाडी झकास थांबत होती, हे त्यानंच माझ्याकडं कबूल केलं होतं.

मग दसरा आला. संध्याकाळी बोळात आम्ही एकमेकांना सोनं देत होतो, कालची खंडेनवमीची हत्यारं अजून हळदकुंकवात होती, आणि फियाट येऊन आडवी थांबली. हंबीरराव उतरला तो लालबुंद होऊन. आईला दसरा चौकात आणताना शिवाजी पुलापाशी ब्रेक दाबला, तर गाडी डावीकडं ओढली आणि झेंडूवाल्याच्या ढिगात घुसली. माणूस वाचला, फुलं गेली. धोंडुबाई मागच्या सीटवर तशीच बसली होती, पदरात पाकळ्या घेऊन.

"बघा रं," हंबीरराव साऱ्या बोळाला ऐकवत म्हणाला, "ह्यो बाईच्या हातचा बिरेक. उद्या घाटात मेलो असतो."

लोक जमायला काय लागतं? गणपतराव तर सोनं टाकून पुढं आला. मला त्या गर्दीचा असा संताप आला, की कात्री घेऊनच उठलो, मग लाज वाटून ती खाली ठेवली.

नजीरानं जॅक लावला, उजवीकडचं पुढचं चाक काढलं, ड्रम ओढला. आत सगळं चकचकीत ओलं. तिनं बोट फिरवून हुंगलं आणि ते बोट हंबीररावाच्या नाकापाशी धरलं.

"एरंडेल हाय. बैलगाडीच्या आसाला घालत्यात त्ये."

ड्रमला ब्रेक आवळण्यासाठी एक भोक असतं, तेल तिथूनच ओतलेलं होतं, आणि ओतणारं कोण ते हंबीररावाच्या ध्यानात आलं. तो वाकून हळूच म्हणाला, "म्हातारीचं नाव काढू नगंस. पेट्रोलनं धू, पट्टा वाळीव आणि दे. मी तुज्याकडं गिऱ्हाईक धाडतो."

नजीरा मात्र मोठ्यानंच बोलली. "माझ्या हाताला नाव ठेवलंसा ते गावासमोर. आता कानात का सांगतायसा?"

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. "मी घातलं," धोंडुबाई म्हणाली. आवाजात पश्चात्ताप औषधालाही नव्हता. "खंडेनवमीला चाक कोरडं ठेवत्यात व्हय? बैलगाडीला घालतो, मग हिला का न्हाय? उजव्या अंगाच्या दोन चाकांत बुधली सपली, न्हाईतर चारींत घातलं असतं."

"आजी, बैलगाडी थांबवाय बैल हायत," नजीरा म्हणाली. "हिला थांबवाय ह्यो पट्टाच हाय."

म्हातारीनं मान हलवली. पटलं असावं, पण तोंडानं म्हणाली नाही.

हंबीररावाचा पेट्रोलचा हेका मात्र सुटेना. नजीरा म्हणाली, की पट्टा तेल प्याला, वरनं धुऊन काय उपयोग, घाटात तापला की आतलं तेल बाहेर येईल. "कडक माझ्याकडं उरला न्हाय. चारी चाकांना मऊ घालते. एका अंगाला एक, दुसऱ्याला दुसरा, असलं मी देणार न्हाय. आणि उतरताना सावकाश या."

"सावकाश येऊन शर्यत जिंकत्यात व्हय? माझी गाडी हाय. गणपतराव, तू धुऊन दे."

गणपतराव खरंच पुढं सरकला. त्यानं हात घालायच्या आत नजीरानं शू उतरवले, ऐरणीवर ठेवले, छिन्नी लावली आणि हातोडीचे घाव घातले. तेल प्यालेल्या लायनरचे तुकडे बोळात उडाले. हंबीररावासारखा पैलवान दोन पावलं मागं सरला.

"आता धुवा," ती म्हणाली. "घाटात पडलासा तर गाव माझंच नाव घेईल. आणि तुमी पडलेलं मला बघायचं न्हाय."

घरी जायला तरी ब्रेक हवाच होता, म्हणून हंबीररावानं दात खाऊन मऊ पट्टे घालून घेतले. शर्यतीला मी गेलो होतो. चढताना तो सगळ्यांच्या पुढं होता, उतरताना मात्र पार मागं पडला. पट्ट्याचा जळका वास वाघबिळापर्यंत येत होता. खाली आला तेव्हा बक्षीस वाटून झालं होतं. पण गाडी धड होती आणि गडीही.

पुढचे कित्येक दिवस तो तालमीत, चहाच्या दुकानात, बाजार समितीत दिसेल त्याला सांगत सुटला. "त्या नजीरानं माझं लायनर फोडलं म्हणून हरलो. हात जोडून मागितलं, तरी बाईनं खराब बिरेक दिला न्हाय." त्याला वाटलं आपण तिची बदनामी करतोय. फोंडा घाट, आंबा घाट उतरणारे ट्रकवाले ते ऐकत होते. त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला आणि बोळात ट्रकांची रांग लागली. हंबीरराव स्वतः पुन्हा कधी आला नाही. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या अंगात मानापानाचा रोग होता.

दिवाळीला मीरासाब आला. ट्रकांतून वाट काढत दुकानाशी पोचला आणि चेहरा एकदम मऊ करून म्हणाला, "धंदा चांगला लागलाय, बेटी. आता तू घरात बस. बाईमाणसानं किती दिवस रस्त्यावर बसायचं? मी संभाळतो सगळं."

आत खाटेवरून अल्लाउद्दीनभाई काहीतरी बोलायला धडपडत होते. नजीरानं त्यांना हातानं थांबवलं. एक शू ऐरणीवर ठेवला, त्यावर नवा पट्टा आणि रिबिटा मांडल्या आणि हातोडी चाचाच्या हातात दिली.

"पहिली रिबीट कुठली मारायची तेवढं सांगा," ती म्हणाली.

मीरासाबनं शूकडं पाहिलं, मग रांगेतल्या ट्रकवाल्यांकडं पाहिलं. ते सगळे त्याच्या हाताकडं बघत होते. त्यानं कडेच्या रिबिटीवर हातोडी ठेवली, आणि रांगेतला पहिला ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "पावणं, त्ये ठेवा खाली. आमाला घाट उतरायचाय."