सिरोंच्याच्या बाजारातले भोक पाडलेले हाली रुपये

नदीपलीकडचं हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं, त्याच हिवाळ्यात मी सिरोंच्याला निघाले. निजामाची सत्ता गेल्यावर ते राज्य जेमतेम काही वर्षं टिकलं. पण त्याचा स्वतःचा रुपया, हाली, अजून बदलून मिळत होता. सात हालींना आपले सहा. तो संपण्याआधी मला पाहायचा होता. बाबा म्हणाले, "बी.ए. झाली अन् बंद पडलेला पैसा पाहाले चालली." तरी शिदोरी त्यांनीच बांधली.

नागभीडहून छोट्या गाडीनं चांदा, मग बल्लारशाहून मोटार. पावसाळ्यात रस्ता बंद, म्हणून थंडीतच जा. मुक्काम आलापल्लीला करा. भात आणि अंबाडीची आंबट भाजी, ताट चार आण्यांत. पुढे सागवानातून नुसती धूळ.

बाजारात पोचक्का भेटली, जंगलातल्या गावची. तिचा नवरा नदीपलीकडे लाकूड तोडायला जायचा, मजुरी हालीत मिळायची. घरात पेटी नाही, कुलूप नाही. म्हणून इथल्या बाया रुपयाला भोक पाडून गळ्यातच ओवतात. तिचा एक बैल मेला होता. दुसरा ठरला होता, त्यासाठी ती गळ्यातली माळ मोडायला आली होती; पण बैलवाला दिवस मावळेपर्यंतच थांबणार होता.

जुनी नाणी घेणारा व्यापारी तिची माळ बोटावर झुलवत म्हणाला, "भोकाच्या हालीले आठ आणे. पटत नाई तं घाल गळ्यात."

माझं डोकं फिरलं. ही लूट आहे, सरकारी भाव आहे, असं चारचौघांत सुनावून मी पोचक्काला नाणी बदलून देणाऱ्या सरकारी कचेरीत नेलं. तिथल्या कारकुनानं नियम दाखवला: भोक असलेलं नाणं घेता येत नाही. मी भांडले, अर्ज लिहिला. त्यानं अर्ज ठेवून घेतला आणि पान लावलं. या लोकांनी पैसा ठेवावा तरी कुठं, हे नियम लिहिणाऱ्यानं एकदा तरी विचारलं होतं का?

परत आलो तेव्हा व्यापाऱ्याला सगळं कळलेलं होतं. "आता सहा आणे," तो म्हणाला. "शिकलेल्या बाईले फिरवून आणलं न?"

पोचक्कानं माळ पुन्हा गळ्यात घातली. "राजा गेला तं चांदी बी गेली काय, बाई?" तिनं मला विचारलं. बैल दुसऱ्याच्या दावणीला गेला.

नागभीडला सोनाराला विचारलं. तो हसला. जुन्या हालीत चांदीच रुपयाहून जास्तीची. भोकानं गुंजभर कमी होईल, एवढंच. तिनं मला नेमकं हेच विचारलं होतं, आणि मी नियम शोधत बसले होते. व्यापाऱ्याला ठाऊक होतं. कारकुनाला ठाऊक असेल, नसेल. बी.ए. झालेल्या मला ठाऊक नव्हतं, याचा राग सगळ्यांत जास्त.

त्याच दिवशी सिरोंच्याच्या शाळामास्तरांना पत्र टाकलं: पोचक्काला माळ विकू देऊ नका, सोनाराकडे तोलून घ्या. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पत्र पोचण्याआधीच, पुढच्याच बाजारी तिनं सगळी माळ दिली, सहा आण्यांनी. आणि खाली एक ओळ: बाई सुखरूप पोचल्या का, असं पोचक्का विचारते.