चूक सांगणारा माणूस पाहिजे

समस्त सांगलीकरांस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या खानावळीतलं अफगाण पोर आज भाकरी अर्धी टाकून उठलं.

कॉलेजात शिकणाऱ्या या पोराला मायदेशी परतता येत नाही. आई दुसऱ्या देशात पोचली आहे. इंग्रजीची तोंडी परीक्षा पास झाला, तरच त्याला तिच्याकडे जाता येईल. परीक्षा उद्या. मराठी तो खणखणीत बोलतो, इंग्रजी मात्र स्वतःचा कान ओढत. आज कान लालभडक होता.

त्यानं आम्हाला इंग्रजीत बोलून दाखवलं.

"एक नंबर!" मी टाळी वाजवली.

"लय भारी, गड्या!" फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार म्हणाले.

"काका, तुमी रोज नुसतं भारी म्हणता," तो कळवळला. "चूक कोन सांगनार? उद्या नापास झालो तर आई तिकडंच ऱ्हाईल!"

तो हात धुवायला गेला. 

खानावळवाल्या मावशी कडाडल्या, "आवं सुभेदार, तुमाला इंग्रजी येतंय न्हवं? मग सांगा की चुका!"

सुभेदारांच्या तोंडून निघून गेलं, "सांगतो की! पन पास झालं तर जाईल न्हवं पोरगं!"