फ्रेममधून बाजूला!

इथे अमेरिकेत, रेडमंडमधला माझा शेजारी एरवी बस ड्रायव्हरलाही दोनदा थँक्यू म्हणणारा मवाळ माणूस. पण सहलीत सूर्यास्ताचा फोटो काढायचा म्हटलं की तो हुकूमशहा होतो. "यार, फ्रेममधून बाजूला!"

"समुद्र काय तुझ्या मालकीचा आहे?" मी विचारतो.

"भाषण नंतर कर. आधी ट्रायपॉड धर."

आणि मोर्च्यांत पत्रकं वाटत वाढलेला मी मुकाट्याने ट्रायपॉड धरतो.

आधीच्या दोन्ही सहलींत ढगांनी त्याचा घात केला होता. परवा मात्र आकाश स्वच्छ होतं. सूर्य बरोबर दोन खडकांच्या मधे उतरणार होता. तेवढ्यात नागपूरहून आलेली माझी आई बूट काढून थेट कॅमेऱ्यासमोर गेली आणि मावळत्या सूर्याला हात जोडून उभी राहिली. आता हा ओरडणार, म्हणून मी कडक भाषण तयार ठेवलं. पण त्याने बटणावरचं बोट अलगद उचललं. सूर्य बुडाला.

आई वळली आणि दचकली. "अगंबाई, मधे आले का रे मी?"

"छे काकू! माझा कधीच काढून झाला."

धडधडीत खोटं. त्याचा फोटो तर गेलाच, माझं भाषणही फुकट गेलं.