पुढचे गाव

डॉक्टरसाहेबांनी साठी गाठली. या गौरवग्रंथात बाकीचे त्यांच्या धैर्याविषयी लिहितीलच. मी त्यांचा कंपाउंडर, मुळातच घाबरट. म्हणून भीतीविषयी लिहितो.

पंधरा वर्षांपूर्वी मांडीला गळू झाले म्हणून आण्याहून बैलगाडीने जुन्नरला त्यांच्या दवाखान्यात आलो, तीच पहिली ओळख. क्लोरोफॉर्मचा रुमाल दिसताच मी टेबलावरून खाली उतरलो. साहेब रागावले नाहीत. "आलास त्या वाटेवरची गावं सांग," एवढेच म्हणाले. पुन्हा टेबलावर पडलो आणि आणे, बेल्हे, बोरी करीत, रुमालाखाली गुदमरत, वारूळवाडीपर्यंत पोचलो. शुद्ध आली तेव्हा साहेब शेजारी स्टुलावर बसून विचारीत होते, "पुढचं गाव?" मी "जुन्नर" म्हटले, तेव्हा ते उठले. रोग्याने पुढचे गाव सांगितल्याखेरीज स्टूल सोडायचे नाही, हा त्यांचा नेम आजतागायत मोडलेला नाही.

पुढे मी त्यांच्याकडेच कंपाउंडर झालो. मग शिरेत टोचायचे भुलीचे औषध पुण्याहून आले. पिवळसर पूड, पाण्यात विरघळवायची. कागद बनवणारे रहीमभाई निखळलेला खांदा घेऊन आले होते. साहेबांनी सोबत आलेल्या त्यांच्या आईंना स्पष्ट सांगितले, "औषध मला नवं आहे. भीती मलाही वाटते."

"तुमी बसनार ना त्याच्याजवळ? मंग द्या," आई म्हणाल्या.

सुई शिरेत गेली आणि साहेबांनी रहीमभाईंना पुण्याच्या वाटेवरची गावे म्हणायला लावली. "जुन्नर, वारूळवाडी, ना..." एवढ्यावरच रहीमभाई थांबले. छाती हलेना. मी किंचाळलो.

"ओरडू नकोस. नाडी धर." साहेबांनी रहीमभाईंचा जबडा वर उचलून धरला.  त्यांचे हात जबड्याखालून हलले नाहीत. अखेर श्वास परतला. खांदा बसवून साहेब स्टुलावर बसले. तासाभराने त्यांनी विचारले, "पुढचं गाव?"

"नारायनगाव," रहीमभाई पुटपुटले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी रडताय काय राव?"

साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

येत्या सोमवारी माझ्या हर्नियाचे ऑपरेशन आहे. औषध तेच. ती पूड मीच विरघळवत आलो आहे, म्हणून मला लई भीती वाटते. हे औषध झटपट चढते; गावे म्हणताना बेल्ह्याच्या पुढे काही मी जाणार नाही.

साहेबांना उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो, ही आपणा सर्वांची इच्छा. माझा त्यात स्वार्थ आहे, तो लपवीत नाही. बोरीचे नाव मी घोकून ठेवले आहे. विचारायला स्टुलावर साहेब हवेत.