आईनं न फोडलेला डबा

तर डबा अजून तसाच हाय! महिनाभर मी फोनवर ओरडतोय, आई, दवाखान्यातनं लिहून दिलेली ती डब्यातली ताकदीची पावडर खा. आणि ती म्हणती, "व्हय रं, खाती की."

मी इथं हैदराबादला फरशी बसवायच्या कामावर. आई कोल्हापुरात आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला जाती. आज तिथल्या सिस्टरनं आईच्या फोनवरनं मलाच गाठलं. "काय पावणं, आईला उपाशी ठेवलंय काय? वजन किती उतरलंय बघा."

मी आईवर भडकलो. ती म्हणाली, "औषधवाला म्हणला त्यात प्रोटीन असतंय. तूच सांगितलंतंस की प्रोटीन बंद. डाळ, अंडी, समदं सोडलंय मी. तुझं ऐकलं तरी वरडतोस, न्हाय ऐकलं तरी वरडतोस!"

डायलिसिस सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी तसा कागद दिलता आणि मीच तो अडखळत वाचून दाखवलता. मशीन सुरू झाल्यावर प्रोटीन अंगातनं जातं, म्हणून उलट जास्त खायला लागतं, हे सिस्टरनं आज समजावलं. जुना कागद रद्द झाला, हे आईला कुणी सांगितलंच न्हाय. मी पण न्हाय.

दुपारपासनं जीव थाऱ्यावर न्हाय. दोन फरशा वाकड्या बसवल्या. तुमच्या घरी कोण डायलिसिसवर असंल तर आजच विचारा, कुठला कागद बघून जेवताय?

दवाखान्यातनं घरी गेल्यावर आईनं व्हिडिओ कॉलवर डबा फोडला. पुढच्या डब्याचे आणि अंड्यांचे मिळून आत्ताच अडीच हजार पाठवतोय.