मेंढरांमागं कोण?

मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो. शिरड शहापूरच्या बाजूला, आडगावातल्या शाळेत. माझ्या हातून एक पोरगी मोठी फुटबॉलपटू झाली असं लोक म्हणतात, आणि ते माझ्या तोंडावर म्हटलं जातं तेव्हा मला खाली बघावंसं वाटतं. कारण ती शाळेतून मैदानावर गेली त्याच आठवड्यात तिची धाकटी बहीण शाळेतून मेंढरांमागे गेली. दोन्ही माझ्यामुळे झालं. यातलं काय बरोबर होतं याचा उलगडा मला अजून झालेला नाही. लिहिता लिहिता होईल, असंही वाटत नाही.

मला फुटबॉल येत नव्हता. मी खोखोचा माणूस. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्या सुमारास शाळेत कुठून तरी दोन फुटबॉल आले. मुलांनी त्यातला एक आठवड्याभरात फोडला. दुसरा मी मुलींना दिला, तो जास्त टिकेल म्हणून. बाभळीच्या खांबांचे दोन गोल उभे केले. नव्या जिल्ह्यात मुलींचा दुसरा संघच नव्हता, त्यामुळे एकही सामना न खेळता आम्ही जिल्ह्याचे विजेते झालो आणि थेट विभागीय स्पर्धेला निघालो. हेडमास्तरांनी पेढे वाटले.

ती तेव्हा आठवीत होती. मेंढपाळाची पोरगी. दिवाळीनंतर आईबाप मेंढरं घेऊन सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काठाने फिरत. पोरी गावात चुलतीकडे राहात. थोरली मात्र निम्मे दिवस मेंढरांकडेच असायची, कारण कळप वळवावा तर तिनेच. मेंढरं उभ्या पिकाकडे वळली की पाठीमागून धावून उपयोग नसतो, ती आणखी उधळतात. लांबून वळसा घालायचा, त्यांच्या पुढे जायचं आणि तोंडासमोर उभं राहायचं. हे तिच्या पायातच होतं. फुटबॉल खेळतानाही ती तेच करायची. चेंडू मागे असला तरी ती वळसा घालून समोरच्या गोलापाशी जाऊन उभी. मी बाहेरून ओरडायचो, "शाब्बास! तिथंच थांब!"

विभागीय स्पर्धेत पहिल्याच मिनिटाला तिच्याकडे चेंडू आला आणि शिट्टी वाजली. पुन्हा आला, पुन्हा शिट्टी. कडेला उभा असलेला माणूस झेंडा वर करून राहिलेला. ती माझ्याकडे बघायची.

"सर, माझं काय चुकून राह्यलं?"

"काही नाही. तू खेळ."

मी पंचाशी भांडलो. हाफ टाइमला त्यांनी मला बाजूला घेऊन ऑफसाइड म्हणजे काय ते बोटांनी समजावलं. हे एक बोट म्हणजे तुमची पोरगी, हे बोट म्हणजे त्यांची शेवटची पोरगी, हा अंगठा म्हणजे चेंडू; चेंडू सुटेपर्यंत हे बोट त्या बोटाच्या पुढे जायचं नाही. मी मान हलवली. समजलं अर्धवटच होतं. परत येऊन तिला म्हणालो, "जरा मागं थांब."

"किती मागं?"

"त्यांची शेवटची पोरगी आहे ना, तिच्या अलीकडं."

"आन् मंग कवा निघू?"

"चेंडू निघाला की निघ."

"चेंडू माझ्या पाठीमागं असतो सर. तो निघाला ते मला कसं कळावं?"

बाकीच्या पोरी हसल्या. एक म्हणाली, "सरलाच उतरवा वो मैदानात." उत्तरार्धात ती दोनदा चुकीची निघाली, तिसऱ्यांदा बरोबर निघाली आणि गोल केला. आम्ही सपाटून हरलो. पण पुण्याच्या क्रीडा वसतिगृहाचे एक प्रशिक्षक तिथे पोरी निवडायला आले होते, ते माझ्याजवळ आले.

"ही पोरगी फॉरवर्डच आहे," ते म्हणाले. "फक्त हिला कोणीतरी उलटं शिकवलंय."

मी "हो ना" म्हणालो. कोणी, ते सांगितलं नाही. त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी तिच्या बापाला भेटायला मी लुनावरून निघालो. कळप एका शेतकऱ्याच्या रानात बसवला होता, लेंडीखतासाठी. जाळी लावलेली, दोन कुत्री, एक घोडं. दोन्ही पोरी तिथेच होत्या. थोरली मला बघून जाळीमागे गेली. धाकटी कोकरू मांडीवर घेऊन बसली होती. तीही माझ्याच शाळेत, पाचवीत.

मी म्हणालो, "मामा, पोरीला पुण्याला पाठवा. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं सरकारी."

"आन् खेळ?"

"खेळ तर आहेच."

"त्याच्यातून निघंल काय, सर?"

"नोकरी निघू शकते. पोलिसात, रेल्वेत खेळाडूंना जागा असतात."

"असत्यात, का देत्यात?"

"देतात," मी म्हणालो. मला खात्री नव्हती.

आई चुलीपुढे होती. भाकरी उलटता उलटता म्हणाली, "तुमी तुमच्या लेकीला धाडलं असतं का सर, येवढ्या लांब?"

माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती. मी "हो" म्हणालो. ते खरं होतं का, हेही मला सांगता येत नाही.

बाप बराच वेळ पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत बसला. मग म्हणाला, "बराबर हाय. तुमच्या भरोशावर धाडतो. पर मेंढरांमागं कोण?"

त्याने धाकटीकडे बघितलं. "हिला आनतो. पाचवीपर्यंत शिकली, बास झालं."

असं, माझ्या समोर, इतक्या साध्या आवाजात तो म्हणाला. मी शिक्षक होतो. मी काही तरी बोलायला हवं होतं. पण मी बोललो असतो तर तो म्हणाला असता, मग दोघी इथंच राहू द्या. किंवा कदाचित म्हणाला नसता. कदाचित एखादा गडी ठेवला असता, पुतण्याला आणलं असतं. मी विचारलंच नाही, म्हणून माहीत नाही. चहा आला, तो मी प्यालो. धाकटी कोकराच्या कानातली गोचीड काढत होती. तिने ऐकलं की नाही, तेही मला कळलं नाही.

थोरली गेली. पहिलं वर्ष तिला बाकावरच बसवलं. मग राज्याच्या कुमारी संघात आली, मग एका खात्याच्या संघात कंत्राटावर. पगार, बूट, गोव्याला आणि कलकत्त्याला सामने. पेपरात फोटो आला तो आम्ही स्टाफरूममध्ये लावला. गावाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ. मी भाषणात म्हणालो की ग्रामीण मुलींनी पुढे यावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी तेव्हा वसमतच्या बाजूला कुठे तरी मेंढरं घेऊन होती.

काही वर्षांनी थोरली सुट्टीवर आली तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. धाकटीचं लग्न झालं होतं, तीही माहेरी आली होती. थोरलीच्या गुडघ्याला पट्टा होता. म्हणाली, कंत्राट यंदा वाढवतील की नाही सांगता येत नाही, नवी पोरगी आलीय, जोरात पळते. मी धीर द्यायला काही तरी बोललो. मग एकदम, ठरवलेलं नसताना, धाकटीकडे वळून म्हणालो, "तुझी शाळा माझ्यामुळं सुटली. मला राहून राहून वाटतं."

ती गोंधळली. पदर सावरत म्हणाली, "आता काहून काढलं सर ते?"

थोरली म्हणाली, "हिला शाळा आवडतच न्हवती सर. रोज पोट दुखायचं हिचं."

"तुला कोन म्हनलं?"

"मी बघत न्हवते का? चुलती ढकलून धाडायची तुला."

"ते गणिताच्या दिशी. बाकीचे दिस मी आधी जाऊन बसायची. तुझं ध्यान तरी व्हतं का माझ्याकडं? तू सदा त्या चेंडूमागं."

"आता भांड माझ्याशी."

"भांडत न्हाई. खरं ते सांगून राह्यले." ती हसत होती, पण माझ्याकडे वळली तेव्हा हसत नव्हती. "तुमी सांगा ना सर. मी कशी व्हते शाळंत?"

मी आठवायला लागलो. प्रार्थनेच्या रांगा आठवल्या, कवायत आठवली, पाचवीच्या पोरींचे निळे फ्रॉक आठवले. त्यात थोरली आठव्या इयत्तेच्या रांगेत स्वच्छ दिसत होती, एका पायावर उभी. धाकटी दिसेना. जाळीजवळ बसलेली आठवली, मांडीवर कोकरू घेतलेली. शाळेतली एकदाही नाही.

"हुशार होतीस," मी म्हणालो.

"खरंच?"

"हो."

"बघ," ती बहिणीला म्हणाली, आणि कपबशा उचलून आत गेली.