स्कूटर दाखवण्याचा कार्यक्रम

आमची स्कूटर गुजराती होती. आम्ही दोघं पक्के मराठी, पण ती बडोद्यात घेतलेली, त्यामुळे तिच्या पाटीवर गुजरातचा नंबर. यांची बदली तळोज्याच्या कारखान्यात झाली आणि आम्ही नेरूळला राहायला आलो, तेव्हा घरोघरी नुकतंच केबल येत होतं. नाक्यावरच्या हवालदाराने यांना एकदा अडवलं, सोडलं. परत अडवलं तेव्हा म्हणाला, "काका, इथला नंबर घ्या. आता दिसलात तर गाडी जमा करणार!"

झालं! पहिल्या पाळीला यांना वेळेवर पोचवणारी घरात एवढी एकच वस्तू. ती गेली की नोकरीचं टेन्शन! बडोद्याला खेटे घालून यांनी ना-हरकतीचा कागद आणला आणि एकदाची आरटीओची तारीख मिळाली.

"उद्या साहेब गाडी बघणार," हे म्हणाले. "तुलाही यायचंय. गाडी तुझ्या नावावर आहे."

"माझ्या? अहो, मला कशाला मध्ये घेतलंत?"

"आईने पत्रिका दाखवली होती. लोखंड माझ्या नावावर नको म्हणून."

साहेबांपुढे मी? मी दूधवाल्याशीसुद्धा दाराआडून बोलते! पण 'बघणार' म्हटल्यावर जरा धीर आला. बघण्याचा कार्यक्रम मला चांगला ठाऊक होता. मला स्वतःला कितीतरी जण बघून गेले होते. (शेवटी हे आले. त्यांचा चष्मा त्या दिवशी दुरुस्तीला होता.)

दुपारी मी स्कूटरला साबणाने न्हाऊ घातलं. आरशाच्या दांड्या चिंचेने लख्ख केल्या. इंजिनाच्या झाकणाआड बघते तर गंजाचे डाग! मुलीच्या अंगावरचा डाग कोणी दाखवतं का? खिडकीच्या गजांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट होता, तो एक हात दिला. छान दिसला, म्हणून दुसराही दिला! सकाळी उठून कांदेपोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर घातली आणि डबा पिशवीत टाकला. बघणाऱ्यांना पोहे द्यायचे नाहीत म्हणजे काय!

आरटीओच्या आवारात गाड्यांची ही रांग. साहेब आले. "मालक कोण?"

यांनी मला पुढे ढकललं. मी सरळ डबाच पुढे केला.

"हे काय?"

"पो... पोहे."

"कशाबद्दल?"

"तुम्ही बघणार ना... म्हणून."

सगळी रांग खो खो हसली. साहेब लालेलाल! "बाई, चारचौघांत हे काय चालवलंय? आधी पिशवीत टाका ते!" हे माझ्याकडे असे बघत होते, जणू मला आजच चष्मा लावून बघत आहेत.

मग साहेबांनी कागद-पेन्सिल काढली. स्कूटरच्या अंगावर लोखंडात एक नंबर कोरलेला असतो म्हणे. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की नंबर कागदावर उमटतो आणि तो पुस्तकातल्या नंबराशी जुळवतात. साहेबांनी झाकण काढून पेन्सिल घासली. उमटला नुसता काळा धब्बा!

"नंबर कुठाय?"

हे वाकले. "इथंच होता साहेब! आईशप्पथ!"

"नंबर दिसत नाही म्हणजे काय समजायचं? चोरीची गाडी?"

"छे छे! माझी गाडी आहे हो!"

"मघाशी तर मालक म्हणून यांना पुढे केलंत!"

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पदराचं टोक चावत पुटपुटले, "रंग."

"मोठ्याने बोला!"

"मी रंग दिला. दोन हात."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अर्ध्या तासात नंबर दिसला नाही, तर गाडी इथंच राहील!"

यांनी किल्लीने खरवडलं. किल्ली वाकली! मी केसातली पिन काढली, ती तुटली. शेजारी सारसोळ्याची एक कोळीण टेम्पोच्या पासिंगला आलेली. ती ओरडली, "अगो बाय, बगत काय बसलीस? माज्याकडं सुरी हाय!"

मासे साफ करायची सुरी! ती फतकल मारून बसली आणि तिने मोठा मासा सोलावा तशी आमची स्कूटर सोलली. हिरवे खवले उडून साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर बसले. वास तर असा सुटला की रांग दोन पावलं मागे सरकली! आणि त्या वासातून हळूहळू एकेक आकडा वर आला.

साहेबांनी नाकाला रुमाल लावून पेन्सिल घासली. नंबर जुळला. "पास! न्या लवकर, नाहीतर मांजरं जमतील!"

यांना काय तो आनंद! त्यांनी जोरात किक मारली, गाडी वळवली आणि फाटकातून भुर्रकन निघून गेले. मी तिथंच, डबा घेऊन! नवऱ्याला नावाने हाक मारायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून जिवाच्या आकांताने ओरडले, "अहो! अहो!" आवारातला एकूण एक पुरुष वळून बघायला लागला. वळले नाहीत ते फक्त आमचे हे.

विचारत विचारत बसने घरी पोचले, तर हे दारात पाणी पीत उभे.

"अगं, तू मागून कशी आलीस? मी रस्ताभर तुला साहेबांचं सांगत होतो!"

"आणि मी काही बोलले नाही, तरी कळलं नाही?"

"काय कळणार?" हे म्हणाले. "नेहमीसारखंच तर वाटलं!"